उभ्या गाडीची बॅटरी कोण पितो?

मोटार नवी होती त्या काळात ती सुरू करणे हे मनगटाचे काम होते. इंजिनाच्या तोंडात लोखंडी हँडल घालायचे आणि जोर लावून ते गरगर फिरवायचे. हँडल उलटे फिरले तर हात मोडायचा. क्वचित जीवावरही बेतायचे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसला आणि ही पीडा हळूहळू संपली. मोटारवाल्याचे मनगट सुटले खरे. पण त्या दिवसापासून तो एका काळ्या पेटीच्या स्वाधीन झाला. ती पेटी म्हणजे बॅटरी.

ही बॅटरी चालत्या गाडीत फारसा त्रास देत नाही. ती दगा देते ती उभ्या गाडीत. आणि आपल्याकडे उभी राहणारी गाडी म्हणजे पिकअप. शेतकऱ्याची, भाजीवाल्याची, दूधवाल्याची, मंडपवाल्याची. ही गाडी हंगामात दिवसरात्र पळते आणि हंगाम संपला की आठवडे आठवडे गोठ्याशेजारी उभी असते. मग एके दिवशी पहाटे तीन वाजता हौद्यात क्रेट रचलेले असतात, दोऱ्या आवळलेल्या असतात, मालक चहा घेऊन येतो, किल्ली फिरवतो आणि बोनेटखालून नुसती टक्‌-टक्‌ ऐकू येते. दिवा मिणमिणतो आणि विझतो. माल नाशवंत. बाजारातला लिलाव कोणाच्या बॅटरीसाठी थांबत नाही. उशिरा पोहोचलेल्या मालाला काय भाव मिळतो हे ज्याने भोगले आहे त्याला सांगायला नको.

अशा वेळी चार माणसे जमतात आणि चौघे एकच सल्ला देतात: "बॅटरी गेली. नवी टाका." आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे की, हा सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो. बॅटरी मेलेली दिसते, पण ती का मेली हे कोणी विचारत नाही. मग नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

प्रथम बॅटरी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची ही बॅटरी फ्रान्समधल्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधली. आज आपल्या पिकअपमध्ये असते ती तिचीच पणती. आत सहा खण असतात. प्रत्येक खण दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब देतो, म्हणून सहांचे मिळून बारा-साडेबारा व्होल्ट होतात.

व्होल्ट आणि अँपियर या शब्दांनी घाबरून जाऊ नका. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट. नळातून वाहणारी धार म्हणजे अँपियर. आणि टाकीत मावणारे पाणी म्हणजे अँपियर-तास. बॅटरीवर ६० अँपियर-तास असे लिहिलेले असेल तर तीन अँपियरची बारीक धार सोडल्यास ती सुमारे वीस तास पुरेल, असा त्याचा ढोबळ अर्थ. स्टार्टर मात्र बारीक धारेवर भागत नाही. डिझेल इंजिन फिरवायला त्याला दोन-तीन सेकंद दीड-दोनशे अँपियरचा लोंढा लागतो, कधी त्याहूनही अधिक. टाकी निम्मी झाली की हा लोंढा द्यायला ती कुरकुर करू लागते. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा: गाडी अडायला बॅटरी पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही. ती निम्म्याखाली गेली तरी पुरे.

आता गळक्या नळाचा हिशेब करू. उभ्या गाडीत सारे बंद असले तरी काही गोष्टी जाग्या असतात. घड्याळ, रेडिओची आठवण, इंजिनावरचा लहानसा संगणक, चोरीविरुद्धचे कुलूप. निर्दोष गाडीत या सर्वांचे मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपियर जातात. मिलिअँपियर म्हणजे अँपियरचा हजारावा भाग. ५० मिलिअँपियर ही अगदी क्षुल्लक गोष्ट वाटते. पण ती चोवीस तास चालते. दिवसाला सव्वा अँपियर-तास. पंचवीस दिवसांत तीस. म्हणजे साठाची बॅटरी, गाडीत काहीही दोष नसताना, महिन्याच्या आतच निम्मी. तेव्हा "महिनाभर उभी होती आणि सुरू झाली नाही" या तक्रारीत पुष्कळदा तक्रारीसारखे काही नसते. तो साधा हिशेब असतो.

आता दुसरे उदाहरण घ्या. हौद्यातला किंवा केबिनमधला पाच वॅटचा एक दिवा चुकून पेटता राहिला. पाचाला बाराने भागा: सुमारे ०.४ अँपियर. दिवसाला दहा अँपियर-तास. तीन दिवसांत बॅटरी निम्मी. एवढासा दिवा, ज्याच्या उजेडात पावतीसुद्धा धड वाचता येत नाही, तो तीन रात्रींत गाडी अडवतो.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. पण एक प्रमाण मनात असू द्या. महिन्याने अडणारी गाडी निर्दोष असू शकते. तीन-चार दिवसांत अडणाऱ्या गाडीत गळती आहे, किंवा बॅटरी तरी म्हातारी झाली आहे, किंवा ती पुरती भरलीच जात नाही.

हे तीन संशयित झाले. त्यांची उलटतपासणी कशी करायची, ते एका प्रत्यक्ष प्रकरणावरून सांगतो.

जुन्नर तालुक्यातले एक टोमॅटोचे बागायतदार माझ्या परिचयाचे आहेत. माल नारायणगावच्या बाजारात जातो. घरची पिकअप आहे, आणि तिच्यावर एक तरुण ड्रायव्हर होता. दोन तोड्यांच्या मध्ये तीन-चार दिवस गाडी उभी असे. कधी ती पहिल्या किल्लीला सुरू होई, कधी मुळीच होत नसे. वर्षभरात एक बॅटरी बदलली. नवी काही महिने चालली आणि पुन्हा तेच रडगाणे. तात्यांचा, म्हणजे मालकांचा, संशय ड्रायव्हरवर. पोराला गाण्यांचा नाद. रात्री गाडीत बसून रेडिओ ऐकत असणार आणि चालू ठेवून झोपत असणार. तो शपथेवर सांगे, "तात्या, मी रेडिओ बंद करूनच उतरतो." त्यावर तात्या म्हणत, "मग बॅटरी काय भुताने प्याली?" दुसऱ्या बॅटरीचे पैसे त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापले जाऊ लागले. तेव्हा तो दुसऱ्या गाडीवर निघून गेला.

तो गेला आणि पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा अडली.

मी तर्कशास्त्र शिकवतो. बॅटरीचे शास्त्र हा माझा विषय नव्हे. पण या प्रकरणात तर्काची चूक कुठे झाली ते पाहण्यासारखे आहे. नवी बॅटरी टाकली आणि गाडी सुरू झाली; म्हणून दोष जुन्या बॅटरीचा होता, असे सर्वांनी धरले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की आपण कावळ्याला दोष देतो. भरलेली कोणतीही बॅटरी गाडी सुरू करणारच! त्यावरून जुनी का उतरली हे सिद्ध होत नाही. ड्रायव्हरचेही तेच. तो गाडीतून शेवटी उतरत असे, एवढाच त्याच्याविरुद्ध पुरावा होता.

इंग्लंडचे तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली कारण शोधण्याच्या काही रीती मांडल्या. त्यांतल्या एकीला आपण व्यतिरेक पद्धती म्हणतो. आपल्या नैयायिकांनाही अन्वय-व्यतिरेक ठाऊक होताच. रीत अशी: बाकी सारे जसेच्या तसे ठेवा, एकच गोष्ट काढून घ्या आणि परिणाम थांबतो का पाहा. थांबला, तर काढलेल्या गोष्टीत कारण आहे. नाही थांबला, तर ती निर्दोष. चांगला मिस्त्री मिलचे नाव न ऐकताही हेच करतो. तात्यांच्या गाडीवर शेवटी एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले तेव्हा त्याने नेमके हेच केले, आणि मी ते शेजारी उभा राहून पाहिले.

कामाला लागण्यापूर्वी त्याने बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आणि जमलेल्यांना बिड्या विझवायला लावल्या. ही दोन्ही पथ्ये आपणही पाळा. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. त्याला ठिणगी पुरते. अंगठी किंवा पाना दोन खुंट्यांच्या मध्ये आडवा आला तर तो क्षणात लाल होतो. तिसरे पथ्य: बॅटरी सोडताना आधी ऋण बाजूची, म्हणजे वजा चिन्हाची तार काढा, आणि जोडताना ती शेवटी जोडा. गाडीचे सारे लोखंड या ऋण तारेला जोडलेले असते. ती आधी काढली म्हणजे पुढे पाना गाडीच्या अंगाला लागला तरी ठिणगी उडत नाही. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नका. "चालू गाडीत तार काढून डायनॅमो तपासायचा" ही जुनी रीत आजच्या गाड्यांतला संगणक जाळू शकते.

आता तपास. पहिला प्रश्न: बॅटरी भरली जाते का? त्याने इंजिन सुरू करवले आणि मल्टिमीटरच्या दोन सळ्या बॅटरीच्या दोन खुंट्यांवर टेकवल्या. काटा, किंवा हल्लीचा आकडा, १४.२ व्होल्ट. साधारण १३.८ ते १४.५ असला म्हणजे ऑल्टरनेटर, ज्याला आपले मिस्त्री अजून डायनॅमोच म्हणतात, तो भरती करतो आहे. चालू इंजिनावरही आकडा साडेबाराच्या आसपास रेंगाळत असेल तर पट्टा सैल आहे का ते बघा, तारा बघा. गळती शोधत बसू नका.

दुसरा प्रश्न: बॅटरी भरलेले राखते का? त्याने संध्याकाळी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली, ऋण तार काढून ठेवली आणि घरी निघून गेला. सकाळी आकडा पाहिला: १२.६. हा भरलेल्या, विसावलेल्या बॅटरीचा आकडा. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि बाराच्या खाली गेली म्हणजे तळ लागला, असे ढोबळ कोष्टक आहे. मात्र आकडा गाडी बंद करून काही तास गेल्यावर घ्यावा. लगेच घेतला तर तो फुगलेला दिसतो. तार काढलेली असतानाही रात्रभरात आकडा बराच घसरला असता तर दोष बॅटरीच्या पोटात होता. तो घसरला नाही. नंतर तार जोडून गाडी सुरू करताना त्याने पुन्हा आकडा पाहिला. स्टार्टर फिरत असताना तो साडेनऊ-दहा व्होल्टांच्या खाली गेला नाही. बॅटरी निर्दोष सुटली.

येथे व्यतिरेक किती सरळ आहे ते पाहा. तार काढली तर बॅटरी टिकते, जोडली तर उतरते. म्हणजे पिणारा गाडीतच आहे. मिस्त्री हसून म्हणाला, "तात्या, रात्रीची कोणीतरी हिची धार काढतंय."

तिसरा प्रश्न: किती जाते? ऋण तार सोडून तिच्या आणि खुंटीच्या मध्ये मीटर बसवायचा, म्हणजे जाणारी सारी वीज मीटरमधूनच जाईल. यासाठी मीटरची तांबडी सळी १० अँपियरच्या भोकात लावावी लागते. आधी किल्ली काढून घ्या. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही; डिझेल गाडीचे हीटर प्लगच इतका प्रवाह ओढतात की मीटरचा फ्यूज उडतो. काम झाले की सळी पुन्हा व्होल्टच्या भोकात घाला. ती तशीच विसरली आणि पुढे बॅटरीच्या दोन खुंट्यांवर टेकवली, तर मीटरमधूनच शॉर्ट होतो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट, जिच्यापायी पुष्कळजण फसतात. गाडी बंद केल्यावर तिच्यातले संगणक लगेच झोपत नाहीत. दार उघडले की ते जागे होतात, दिवा लागतो आणि आकडा चढतो. म्हणून मिस्त्रीने केबिनचे दार उघडे ठेवले, पण दाराची कडी स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून ठेवली. गाडीला वाटले, दार लागले. जिथे बटण चौकटीवर असते तिथे ते दाबून चिकटपट्टी लावावी. मग सर्वांनी अर्धा तास नुसते बसायचे. पहिल्या मिनिटाचा आकडा पाहून "गळती सापडली" म्हणणे म्हणजे जागा असलेल्या माणसाला निद्रानाश ठरवण्यासारखे आहे.

अर्ध्या तासाने आकडा ०.३८ अँपियरवर स्थिर झाला. दिवसाला नऊ अँपियर-तास! तीन दिवसांत सत्तावीस, चौथ्या दिवशी छत्तीस. गाडीच्या लहरीपणाचा उलगडा इथेच झाला. तीन दिवसांनी तोडा आला तर ती कशीबशी सुरू होई. चार दिवसांनी आला तर अडे. त्यात ना भूत होते, ना ड्रायव्हर.

चौथा प्रश्न: कोण पितो? फ्यूजच्या डबीतला एकेक फ्यूज काढायचा, आकडा पाहायचा, पुन्हा त्याच जागी बसवायचा आणि पुढचा काढायचा. ज्या फ्यूजने आकडा धाडकन खाली येतो त्याच्या रांगेत चोर बसलेला असतो. तो केबिनचा दिवा असेल, रेडिओ असेल, हॉर्नचा चिकटलेला रिले असेल. फ्यूज काढल्या-घातल्याने संगणक जागे होण्याची भीती असेल तर आणखी नाजूक रीत आहे. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही ठिपक्यांना सळ्या टेकवा. शून्य दिसले तर त्या वाटेने काही वाहत नाही. काही आकडा दिसला तर वाहते आहे.

तात्यांच्या गाडीत सारे फ्यूज काढून झाले. आकडा जागचा फारसा हलला नाही. जमलेली माणसे निराश झाली, पण मिस्त्री खूश झाला. कारण हाही पुरावाच होता. वीज फ्यूजच्या डबीतून जातच नाही. मग ती थेट बॅटरीवरून निघणाऱ्या वाटेने जात असली पाहिजे. अशा वाटा मोजक्या असतात. एक, मागाहून बसवून घेतलेल्या वस्तू: मोठ्या आवाजाचा हॉर्न, गाण्यांचा अँप्लिफायर, केबिनवरच्या रंगीत एलईडी पट्ट्या, जीपीएस यंत्र. आपल्याकडे गाडी सजवण्याची हौस दांडगी, आणि बसवणारा घाईत थेट बॅटरीच्या खुंटीवर तार गुंडाळून मोकळा होतो. मग किल्ली काढली तरी त्या तारेत वीज राहतेच. पिकअपची बॅटरी उतरण्याची पुष्कळ कारणे या हौसेत सापडतात. मिस्त्रीने अशा दोन तारा सोडल्या. आकडा ०.३८ वरून ०.३५ वर आला. थोडा वाटा तिथे होता, पण मुख्य चोर नव्हता.

मग राहिली एकच जाड तार, बॅटरीवरून ऑल्टरनेटरकडे जाणारी. इंजिन रात्रभर थंड होते, तरी ऑल्टरनेटरला हात लावल्यावर तो किंचित कोमट लागला. मिस्त्रीने मीटर काढून ऋण तार बाजूला ठेवली, ऑल्टरनेटरच्या पाठीवरची जाड तार सोडली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि मीटर पुन्हा जोडला. सर्व थांबले. आकडा: ०.०१ च्या आसपास. चोर सापडला.

ऑल्टरनेटरमध्ये असे काय असते? तो मुळात उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करतो. ती एकाच दिशेने बॅटरीत जावी म्हणून त्यात डायोड बसवलेले असतात, बहुधा सहा. विहिरीवरच्या पंपाचा फूट-व्हॉल्व्ह आपल्या ओळखीचा आहे. तो पाणी वर जाऊ देतो, खाली परत येऊ देत नाही. फूट-व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर पंप चालू असताना पाणी चढते. पण पंप बंद केला की पाइपातले पाणी हळूहळू विहिरीत परत जाते. डायोड गळका झाला की तेच घडते. गाडी चालू असताना भरती नीट होते, आकडा चौदाच्या वर दिसतो, कोणाला संशय येत नाही. गाडी थांबली की बॅटरीतली वीज मागच्या वाटेने परत जाऊ लागते. डायोडांची पाटी बदलली आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहूनही सुरू होऊ लागली.

तात्या सरळ माणूस. कापलेले पैसे त्यांनी त्या मुलाला पाठवून दिले. त्याने ते घेतले. तो परत मात्र आला नाही. मला या प्रकरणात बॅटरीच्या किमतीपेक्षा ही गोष्ट अधिक मोठी वाटते. यंत्राचा दोष शोधला नाही की तो माणसाच्या माथी बसतो, आणि तो बहुधा सर्वांत कमी बोलू शकणाऱ्या माणसाच्या माथी बसतो.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय फुकट आहे: स्वच्छता. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी चढते. त्यामुळे भरतीही नीट होत नाही आणि लोंढाही सुटत नाही. ऋण तार काढून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशाने ती धुवावी. झाकणे घट्ट असू द्यावीत, सोड्याचे पाणी आत जाऊ देऊ नये. कोरडे करून तारा घट्ट आवळाव्या आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. बॅटरीच्या पाठीवर साचलेली धूळ आणि आम्लाचा ओलसर थर हीदेखील एक चोरवाट आहे. मीटरची काळी सळी ऋण खुंटीवर ठेवून तांबडी नुसती बॅटरीच्या पाठीवर फिरवा. व्होल्ट दिसू लागले तर समजा की पाठीवरूनच वीज वाहते आहे.

दुसरा उपाय: पाणी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पत्रे बुडालेले आहेत ना, हे महिन्याकाठी पाहावे. उन्हाळ्यात अधिक वेळा. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे नाही, विहिरीचे तर नाहीच. आम्लही घालू नये. उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडालेच तर भरपूर पाण्याने धुवत राहावे आणि डोळ्यांत गेल्यास धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

तिसरा उपाय: मागाहून बसवलेल्या साऱ्या वस्तूंची वीज किल्लीनंतरच्या फ्यूजवरून घेववावी, म्हणजे किल्ली काढली की त्या मेल्या. हे काम एकदा पैसे देऊन नीट करून घ्यावे. जीपीएससारखे जे चोवीस तास चालायलाच हवे, ते किती पिते हे मोजून ठेवावे आणि गाडी त्या हिशेबाने उभी करावी.

चौथा उपाय हंगाम संपल्यावरचा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर ऋण तार सोडून ठेवा, किंवा बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच बसवून घ्या. घड्याळ पुन्हा लावावे लागेल, एवढाच तोटा. जीपीएस किंवा चोरीविरुद्धची घंटा असेल तर तीही बंद पडेल, हे ध्यानात घेऊन गाडी कुलपात ठेवा. तार सोडली तरी बॅटरी आतल्या आत थोडी झिजतेच, आणि उष्णतेत ही झीज भराभर वाढते. तापमान दहा अंशांनी चढले की ती सुमारे दुप्पट होते. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी काढून सावलीत ठेवणे यासाठीच शहाणपणाचे. महिन्यातून एकदा ती चार्जरवर भरावी. रोज पाच मिनिटे इंजिन नुसते घुरघुरवत ठेवण्याने काही साधत नाही. सुरू करताना जे गेले ते धड भरून येत नाही आणि डिझेल जळते ते निराळे.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नये, हे आग्रहाने सांगतो. उतरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाचा क्षार साचतो. तो ताजा असतो तोवर भरती केली की विरघळतो. जुना झाला की त्याचे कडक स्फटिक होतात आणि पत्र्यांची तेवढी जागा कायमची मरते. तात्यांची पहिली बॅटरी वर्षाच्या आत गेली ती याच कारणाने. पुन्हा पुन्हा उतरून तिचा जीव गेला. ती रोगाचे कारण नव्हती. ती रोगाला बळी पडली होती.

आणि तरीही पहाटे तीनला गाडी अडलीच तर? दुसऱ्या बारा व्होल्टांच्या गाडीवरून तारा जोडता येतात, पण क्रम पाळा. तांबडी तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक खुंटीला, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक खुंटीला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण खुंटीला, आणि तिचे शेवटचे टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. म्हणजे शेवटची ठिणगी वायूजवळ उडत नाही. सुरू झाल्यावर उलट क्रमाने तारा काढा. धक्क्याचा भरवसा धरू नका. नव्या डिझेल गाड्यांत इंधन सोडण्याचे काम संगणकाकडे असते. बॅटरी पार उतरली असेल तर गावभर ढकलूनही इंजिन पेटणार नाही.

मल्टिमीटर ही काही महागडी वस्तू नाही. नव्या बॅटरीच्या किमतीचा तो लहानसा अंश आहे. ज्याच्या घरी पिकअप आहे त्याच्या घरी तो असावा आणि घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला तो वापरता यावा. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम त्यांनी पाठ केलेलाच असतो. तो दारातल्या गाडीवर लावून पाहायला मिळाला तर तो आयुष्यभर विसरणार नाही. संध्याकाळी गाडी उभी करताना आकडा एका वहीत लिहावा, सकाळी पुन्हा लिहावा. आठवड्याभरात ती वहीच सांगू लागते की गाडी निरोगी आहे की रात्रीची तिची धार कोणी काढते आहे. मग नवी बॅटरी घ्यायची का, मिस्त्रीला बोलवायचे का, आणि कोणाला बोल लावायचा का, हे तिन्ही निर्णय त्या वहीवर बोट ठेवून घेता येतात.